अंगणातल्या बोटीचा घसारा

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी मला विचारलं, "सांग अम्मा, घसारा म्हणजे नेमकं काय?" नव्या सुनेला लोक पुरणपोळी येते का ते विचारतात. मी बी.कॉम. होऊन एका ऑडिटरच्या हाताखाली काही वर्षं काढली होती, त्यामुळे पुरणापेक्षा हा प्रश्न सोपा होता. मला वाटलं, बिचारे सुनेशी तिच्या विषयावरचे चार शब्द बोलू पाहताहेत. मी खूश झाले आणि भडाभडा बोलत सुटले. त्या उत्तराचं पुढे काय होणार आहे हे कळलं असतं, तर मी मुकाट्यानं पुरण वाटायला घेतलं असतं.

मी सांगितलं ते एवढंच. वस्तू वापरली की झिजते, पडून राहिली की जुनी होते, नवी कुणीतरी आली की मागे पडते. तेवढी तिची किंमत दर वर्षी हिशेबात कमी धरायची, तो घसारा. आणि कोरी करकरीत वस्तू पहिल्या एक-दोन वर्षांतच सगळ्यात जोरात आपटते, मग तिची उतरण हळूहळू सौम्य होत जाते.

"म्हणजे पहिला मालक खड्ड्यात पडतो, आणि दुसरा त्याच्या पाठीवर पाय देऊन आरामात पलीकडे जातो?"

"साधारण तसंच."

"बेष्ट," असं म्हणून ते उठले आणि मोजपट्टी घेऊन अंगणात गेले. फणसाच्या झाडापासून फाटकापर्यंतचं अंतर त्यांनी दोनदा मोजलं. मी ते खिडकीतून पाहिलं, पण त्याचा आणि घसाऱ्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का; मला, सुनेला, अण्णा इकडच्या रीतीनं अम्मा म्हणत. आमच्या घराण्यातला पहिला पुरुष कुणाच्या फौजेबरोबर इकडे आला हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तो परत का गेला नाही हे विचारायची पद्धत नव्हती. घरात बोलत ते मराठीच, पण त्यात 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, असे कानडी शब्द सांडलेले असत की माझ्या पुणेरी कानाला आधी ठेच लागायची. अण्णा एका सरकारी कारखान्यात इंजिनांच्या विभागात फोरमन होते. आमच्या लग्नाआधी काही महिने निवृत्त झाले होते. इंदिरानगरात भोवती मोकळं रान होतं तेव्हा त्यांनी प्लॉट घेऊन घर बांधलेलं, त्यामुळे अंगण मोठं. मीही इंदिरानगरातच एका ऑडिटरकडे नोकरी धरली. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो सकाळी आठला मारतहळ्ळीकडे निघायचा आणि उगवायचा तो जेवायच्या वेळेला.

तर अण्णा मंगळूरला जाऊन आले आणि जेवताना म्हणाले, "एक बोट बघितली."

तिथल्या कुणा व्यापाऱ्यानं भरभराटीच्या दिवसांत हौसेनं बांधून घेतलेली ती मोटरबोट होती. तो तिला यॉट म्हणत होता. लाकडी अंग, आत दोन माणसं आडवी होतील अशी छोटी खोली, पितळी कठडा आणि डिझेलचं इंजिन. चार पावसाळे त्यानं ती मिरवली, मग धंदा बसला आणि बोट धक्क्याला लागली. आता तो मिळेल त्या भावात काढत होता. अण्णांचा चेहरा बाजारात ताजी भाजी स्वस्तात मिळालेल्या माणसासारखा झाला होता. "सगळा घसारा त्यानं खाल्लाय," ते म्हणाले. "आपल्याला फक्त बोट उरलीय."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते.

मी परोपरीनं समजावलं. कागद घेऊन बसले. रंग, डिझेल, दुरुस्ती, लॉरीचं भाडं, सगळं मांडून दाखवलं. "अण्णा, जुन्या वस्तूची किंमत उतरते, भूक उतरत नाही," असं एक टाळीचं वाक्यही टाकलं. ते त्यांना इतकं आवडलं की शेजाऱ्यांना ऐकवून आले, आणि दुसऱ्या दिवशी बोटीचा विसार देऊन मोकळे झाले.

अक्का एवढ्या वेळात एकदाच बोलल्या. "हौसेला मोल नाही म्हणतात. जागा तर लागते ना?"

"जागा मोजलीय," अण्णा म्हणाले.

बोट मंगळूरलाच ठेवून तिथेच दुरुस्त करावी, हे कोणत्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. पण अण्णांची सगळी हयात हत्यारांत गेली होती, आणि दुसऱ्याच्या पान्यानं आवळलेल्या नटावर त्यांचा विश्वास नव्हता. वस्तू डोळ्यांसमोर पाहिजे, हे त्यांचं तत्त्व. म्हणून समुद्रावरची बोट घाट चढून, समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट वर, नदी नसलेल्या गावात आली. त्या दिवशी आमच्या गल्लीत जत्रा भरली. विजेच्या तारा बांबूनं उचलून धराव्या लागल्या, फाटक बिजागऱ्यांसकट काढावं लागलं. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांनी रिक्षा सोडून हात लावला. त्यातल्या एकानं कानडीत विचारलं, "समुद्र एल्ली, सार?" समुद्र कुठे आहे? सगळे हसले. अण्णाही हसले. "येतोय मागनं," ते म्हणाले.

अक्का बाहेर आल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांसाठी कॉफी केली आणि ट्रे माझ्या हाती दिला. मी परत आत आले तेव्हा त्या अंगणाकडे पाठ करून ओटा पुसत होत्या, आणि तो ओटा आधीच स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसून जाताना मी नवऱ्याला विचारलं, अक्कांना राग आलाय का. तो म्हणाला, "राग नाही. तुला माहीत नाही का?" मग त्यानं सिग्नलला थांबत थांबत सांगितलं. अक्का कारवारच्या. घर काळी नदीच्या काठावर, जिथे ती समुद्राला मिळते तिथून जवळ. काकांच्या होड्या होत्या. अक्का चौदा वर्षांच्या असताना त्यांचे थोरले भाऊ, त्यांचे दादा, एका संध्याकाळी होडी घेऊन नदीच्या मुखाकडे गेले ते आलेच नाहीत. होडी सापडली. दादा सापडले नाहीत. पुढे बंगळूरचं स्थळ आलं तेव्हा अक्कांनी मुलाचा फोटो बघायच्या आधी विचारलं होतं की त्या गावाला नदी आहे का. नाही म्हटल्यावर लगेच होकार दिला. हे घरात विनोद म्हणून सांगत असत, आणि सगळ्यांत आधी अक्काच हसत. पण लग्नानंतर त्या माहेरी जायच्या त्या बसमधून उतरून थेट घरात, आणि घरातून थेट बसमध्ये. काठावर म्हणून कधी गेल्या नाहीत. आईवडील गेल्यावर माहेरी जाणंही सुटलं.

मला अण्णांचा भयंकर राग आला. मी तशी तोंडाची तिखट. सासरी आल्यावर थोडी साखर घातली होती, तेवढंच. त्या रविवारी अण्णा बोटीचा पितळी कठडा घासत होते. मी दुसरं फडकं घेऊन शेजारी बसले आणि सरळ विचारलं, "अक्कांना काय वाटत असेल याचा विचार केलात का?"

ते घासत राहिले. "चौतीस वर्षं तोच विचार केलाय अम्मा," ते म्हणाले. "ती झोपेत पाणी म्हणते. तुला कुणी सांगितलं नसेल. मी उठवतो, पाणी देतो, ती पिते. सकाळी दोघंही बोलत नाही. कारखाना होता तोवर मलाही वेळ नव्हता. आता आहे. मला तिला एकदा त्या पाण्यावर न्यायचंय. दुसऱ्याच्या नावेतून ती येणार नाही. मी ज्याचा एक एक बोल्ट आवळलाय अशा नावेतून आली तर येईल."

"आणि नाही आली तर?"

"स्वल्प घसारा होईल," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून इतके गोड हसले की मी फडकं घेऊन पुढचा कठडा घासायला लागले.

तेव्हापासून मी त्यांच्या बाजूची झाले. पण मनातून अक्कांच्याही बाजूची होतेच.

इंजिन उघडून हॉलमध्ये आलं. वर्तमानपत्रांवर त्याचे भाग मांडले गेले आणि आम्ही त्यांच्यामधून पाय टाकत स्वयंपाकघरात जायला शिकलो. बोटीवर अण्णांनी पत्र्याचं छप्पर घातलं, भोवती ताडपत्री लावली. पावसाचा एक थेंब तिच्या अंगाला लागू दिला नाही. दर मार्चअखेरीला ऑफिसात माझ्या डोक्यावर हिशेबांचा डोंगर असायचा, आणि घरी आले की अण्णा विचारायचे, "आमच्या बाईंची किंमत आता किती?" मी गमतीनं काढून द्यायची. मी त्यांना दोन्ही रीती सांगितल्या होत्या. एकीत दर वर्षी ठरावीक रक्कम कापत जायची आणि शेवटी वस्तू संपते. दुसरीत जेवढं उरलंय त्याचाच काही भाग कापायचा. मग ती कमी कमी होत जाते, पण पूर्ण संपत कधीच नाही.

"कधीच नाही?"

"कागदावर तरी नाही."

"सरी. हीच धर."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि वाहनांची पूजा दणक्यात असे. बंगळूरची आयुधपूजा म्हणजे रस्त्यारस्त्यांवर फोडलेले कोहळे, आणि चाकांखाली ठेवलेली लिंबं चिरडून निघालेल्या गाड्या. अण्णांपुढे प्रश्न पडला की बोटीला चाक नाही, लिंबू कशाखाली ठेवायचं? यावर घरात अर्धा तास गंभीर चर्चा झाली. नवऱ्यानं सुचवलं की बोट लॉरीतून आली, तर लॉरी बोलवा. शेवटी अण्णांनी लिंबू हातानंच पिळलं आणि तिथेच त्याचं सरबत व्हावं असा माझा अभिप्राय पडला. अक्का हळदीकुंकवाचं तबक घेऊन सगळीकडे फिरल्या. स्कूटर, शिवणयंत्र, मिक्सर, विळी, अण्णांचे पाने, माझा कॅल्क्युलेटर, सगळ्यांना कुंकू लावलं. बोटीपाशी आल्या, थांबल्या आणि फणसाच्या झाडाला लावून आत निघून गेल्या. मी पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. त्यांनी तबकातलं चिमूटभर कुंकू उचललं आणि स्वतःच बोटीच्या नाकाला लावलं.

दोन वर्षं होत आली, पुन्हा उन्हाळा आला. इंजिन जोडून झालं होतं, अंगणात सुरू करून झालं होतं, त्याचा आवाज ऐकून शेजारची म्हैस दोन दिवस आटली होती. पावसाळा संपला की कारवार, असं ठरत होतं. एका दुपारी अण्णा वायरी तपासायला बोटीच्या पोटात शिरले. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. आवाज असा होता की मी चप्पल न घालता धावले.

आत अंधार होता, आणि त्या अंधारात सगळीकडे उजेडाच्या रेघा होत्या. फळी आणि फळी यांच्यामधून ऊन आत येत होतं, कौलं सरकलेल्या घरात येतं तसं. अण्णांनी एका फटीला नख लावलं. नख आत गेलं.

"मी थेंब लागू दिला नाही," ते म्हणाले. "बघ तू. एक थेंब नाही."

दोन वर्षं आमच्या कोरड्या हवेत, तापलेल्या पत्र्याखाली ती आकसली होती. त्यांनी इतकं जपलं होतं की जपण्यानंच ती उसवली. मी काहीतरी बोलले, फटी बुजवता येतील वगैरे. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी ते हात धुऊन व्हरांड्यात बसले आणि मला म्हणाले, "तुझ्या हिशेबात शून्य लिही."

"तशी पद्धत नाही, अण्णा. शून्यावर नेणारी रीत आपण धरलीच नव्हती."

"शून्य लिही म्हटलं ना."

माझ्याशी ते कधी त्या आवाजात बोलले नव्हते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ज्या माणसाला रिकामं बसता येत नव्हतं तो दिवसभर खुर्चीत बसू लागला. दाढी वाढली. पानात वाढलेलं तसंच राहू लागलं. भंगारवाला येऊन पितळ आणि इंजिन बघून गेला, आणि अण्णांनी त्याच्याशी घासाघीससुद्धा केली नाही. नवरा म्हणाला, बरं झालं, सुटलो. पण तोही जाता-येता ताडपत्रीकडे बघायचा. अण्णांच्या पानातलं उरलेलं अक्का उचलत आणि थोडा वेळ तसंच हातात धरून उभ्या राहत.

इथे आमच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. कावेरीचं पाणी दिवसाआड यायचं, तेही पहाटे, तासभर. अक्का त्या खात्याच्या सर्वाधिकारी. टाकी, पिंपं, हंडे, कळश्या, सगळ्यांचा क्रम ठरलेला. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं फणसाला. मी एकदा नळ पूर्ण सोडून दात घासले तर त्यांनी मला काही म्हटलं नाही, नुसता नळ बंद केला. पण ते माझ्या अजून लक्षात आहे. पाहुणे आले की त्यांच्या अंघोळीचीसुद्धा एक बादली मोजून बाहेर यायची.

एका पाण्याच्या पहाटे मला अंगणात ओतल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर ताडपत्री बाजूला सारलेली, आणि अक्का पदर खोचून, स्टुलावर उभ्या राहून, भरली कळशी बोटीत उपडी करत होत्या. पिण्याच्या पाण्याची कळशी. पाणी फटींतून दुसऱ्या बाजूनं भळाभळा वाहत होतं आणि मातीत जिरत होतं. खाली गोणपाटं ओली करून ठेवली होती.

"अक्का, काय करताय?"

"ती पेटीतली गोणपाटं आण आणखी," त्या म्हणाल्या. "आतून अंथरायची. ओली ठेवायची. लाकूड तहानलेलं आहे. पाणी प्यालं की फुगतं, फटी मिटतात. आमच्याकडे काका हंगामाच्या आधी होडीत पाणी भरून ठेवायचे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्या स्टुलावरून खाली उतरल्या. त्यांच्या साडीचे काठ भिजून पायांना चिकटले होते. "कशाला सांगू? रोज ताडपत्री बघायची आणि म्हणायची, सुकू दे. फुटून जाऊ दे. पाण्यात जायलाच नको. देवाजवळ दुसरं काही मागितलं नाही मी दोन वर्षं."

"आणि आता?"

"ते जेवत नाहीत गं," असं म्हणून त्या कळशी भरायला गेल्या.

मी गोणपाटं आणली. आम्ही दोघी ओतत होतो तेव्हा दारात अण्णा येऊन उभे राहिले. वाढलेली दाढी, बनियन, हातात चष्मा. त्यांनी बोटीकडे पाहिलं, मग भिजलेल्या अक्कांकडे पाहिलं. सगळं त्यांना कळलं असावं. आत गेले आणि न्हाणीघरातली सगळ्यात मोठी बादली घेऊन आले.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात अंघोळ हा सण झाला. नवऱ्याच्या अंगाला ऑफिसात वास येतो अशी तक्रार तो स्वतःच करायचा. भांडी धुतलेलं पाणी बोटीत, कपडे पिळलेलं पाणी बोटीत. समोरच्या घरातल्या बाईंनी आधी आमच्या डोक्यावर परिणाम झालाय असं सगळीकडे सांगितलं आणि मग स्वतःच दोन बादल्या आणून ओतल्या. फणस असा लागला की वाटून संपेना. आणि हळूहळू, रोज बघणाऱ्याला कळू नये इतक्या हळू, बोट पाणी धरायला लागली. पहिल्यांदा पाच मिनिटं. मग दुपारपर्यंत. एक दिवस पहाटे ओतलेलं पाणी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा तसंच होतं, आणि अण्णा व अक्का दोन बाजूंनी वाकून त्यात बघत होते. राहिलेल्या बारीक फटींत अण्णांनी कापूस आणि राळ भरली. मी म्हटलं, आता किंमत किती धरू? माझ्या पुस्तकांत वस्तू खाली जाण्याची सोय आहे, वर येण्याची फारशी नाही. अण्णा म्हणाले, तुझी पुस्तकं तुझ्याकडे ठेव.

ती बोट वर्षभरानं आम्ही विकली. कितीला ते सांगत नाही; माझ्या धंद्याला शोभेल असा तो आकडा नव्हता. घेणाऱ्यानं तिचा घसारा किती झाला असेल याचा अंदाज बांधताना माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

पण त्याआधी, पावसाळा संपल्यावर, आम्ही तिला कारवारला नेलं. अक्का म्हणाल्या, "मी काठापर्यंत येईन." कुणी त्यांना त्याहून जास्त विचारलं नाही. काळी नदीवर एक जुना दगडी धक्का होता. तिथे बोट पाण्यात उतरली, एकदा डुलली आणि उभी राहिली. कोळीवाड्यातली माणसं बघायला जमली होती, आणि घाटावरच्या लोकांची बोट बुडेल अशी त्यांची उघड अपेक्षा होती. ती बुडाली नाही. नवऱ्यानं नारळ फोडला. अण्णांनी इंजिन सुरू केलं. अंगणात म्हैस आटवणारा तो आवाज त्या मोकळ्या पाण्यावर फारच लहान वाटला.

अक्का धक्क्याच्या वरच्या पायरीवर माझा हात धरून उभ्या होत्या. समोर नदी रुंद होत होत समुद्राला मिळत होती, आणि त्या तिकडे सोडून बाकी सगळीकडे बघत होत्या. अण्णांनी हाक मारली नाही. बोटीतच थर्मास उघडला आणि दोन पेल्यांत कॉफी ओतली. एक स्वतः घेतला, दुसरा शेजारच्या फळीवर ठेवला. त्या पेल्यातून वाफ येत होती.

बऱ्याच वेळानं अक्का म्हणाल्या, "दोर सोडायचा नाही."

"नाही सोडणार," अण्णा म्हणाले.

"इंजिन बंद करा."

त्यांनी बंद केलं. दोन वर्षांची मेहनत आणि पाचशे मैलांची ये-जा एका बोटानं बंद केली आणि तोंड वाकडंसुद्धा केलं नाही. दोर खुंट्याला बांधलेला होता, तरी त्याचं उरलेलं टोक अक्कांनी माझ्या हातात दिलं. मग पायरीपायरीनं उतरल्या आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसल्या. बोट त्यांच्या वजनानं हलली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. अण्णांनी पेला त्यांच्या हातात दिला.

तेवढाच त्यांचा प्रवास. धक्क्यापासून दोन हात. कोळीवाड्यातली माणसं कंटाळून निघून गेली. मी दोर धरून बसले होते आणि मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आपल्या लग्नात तुमचा कान कुणी पिळला नाही," अक्का म्हणाल्या.

नवरीच्या भावाचा तो मान. लग्नात तो पुढे येऊन नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ असं बजावतो, आणि नवरदेवानं त्याला काहीतरी देऊन कान सोडवून घ्यायचा असतो.

"तुझा चुलतभाऊ आला होता की पुढं," अण्णा म्हणाले. "तूच हात धरून थांबवलंस त्याला. सगळा मांडव बघत राहिला."

"तो दादाचा मान होता."

अक्कांनी पेला खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मान वळवून नदीच्या मुखाकडे पाहिलं. मग त्या बाजूला वाकल्या आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. बराच वेळ तो तसाच ठेवला. पाणी बांगड्यांमधून जात होतं. हात बाहेर काढला, आणि त्या ओल्या हातानं त्यांनी अण्णांचा कान धरून पिळला.

अण्णांच्या सदऱ्यावर पाणी ओघळलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझे तर केव्हाच. "स्वल्प जोरात," ते म्हणाले. "मेव्हण्याचा हात एवढा हलका नसतो."

अक्कांनी पुन्हा पाण्यात हात घातला.